तीनशे सतरा नंबरच्या खुंट्या

धडगावला बदली झाल्यापासून माझी स्कूटर भिंतीवर टांगलेली आहे. पेट्रोलवाली नव्हे. एक फळी, दोन छोटी चाकं आणि धरायला उभा दांडा. एका पायाने जमीन मागे ढकलली की चालली. इथल्या घाटात ती सोडली तर मी शहाद्याला पोचेन आणि परत यायला शेअर जीप करावी लागेल, म्हणून टांगून ठेवली. आल्या-गेल्याची नजर तिच्या चाकांजवळच्या चार लोखंडी खुंट्यांवर जाते. डावीकडच्या दोन गुळगुळीत, उजवीकडच्या दोन फणसासारख्या खरखरीत. प्रत्येकीवर ३१७ हा आकडा ठोकलेला. हे काय आहे, असं कुणी विचारलं की मी म्हणते, हे आबा आहेत.

ब्राह्मणपुरीच्या उपकेंद्रावर मी नर्स होते तेव्हा आबांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहायचे. आबा साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. ऊस पिळणाऱ्या रोलरांच्या सोबत त्यांची चाळीस वर्षं गेली होती आणि निवृत्त झाल्याची बातमी त्यांच्या शरीराला कुणी दिलेली नव्हती. रात्रीच्या झोपेला ते तिसरी पाळी म्हणत. जेवायला बसताना "भोंगा झाया का?" असं विचारत आणि जिजी, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून तोंडाने भोंगा वाजवत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाण्याचा तांब्या टाकून बाहेर पळाले होते.

कारखान्यातून येताना त्यांनी एक लाल पत्र्याची पाटी आणली होती. "माणूस काम करत आहे. चालू करू नये." यंत्राच्या पोटात माणूस शिरलेला असताना बटणाला लावायची ती पाटी. आबा अंघोळीला गेले की ती न्हाणीच्या दाराला. दुपारी आडवे झाले की खाटेच्या पायाला. एकदा बीपी तपासायला आले तर माझ्या टेबलाच्या खणाला लावून बसले आणि बाहेरच्या दोन बाया पाटी वाचून घरी निघून गेल्या. जिजीही कमी नव्हत्या. भांडण झालं की त्या ती पाटी चुलीशेजारी टांगायच्या. त्या दिवशी आबा मुकाट्याने केळी खायचे.

आबांचं खरं वेड मात्र पंचचं. कारखान्यात त्यांचा टोकन नंबर ३१७. लोखंडावर आकडे ठोकायच्या पंचांचा डबा त्यांच्याकडे होता आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूवर ते आपला नंबर ठोकत. गावातले कोयते, बिजागऱ्या, फवारणीचे पंप, देवळातल्या घंटेचा लोळा, सगळ्यांवर ३१७. पाहुणे जेवायला बसले की ताटाखालच्या पाटावरसुद्धा खिळ्यांच्या टोपीवर तो नंबर सापडायचा.

"मन्हं काम परत येत नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यापुढे बोट वर करून, "ज्या दिन ई, त्या दिन पंच डबामा बंद. मंग मी कोन्हा फिटर नही."

हे ते गमतीने म्हणत नसत. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाकडे दुसरं काही नव्हतं. शेत भावाकडे, पोरी सासरी, आणि डोळ्यांसमोर टीव्ही लावला की पाचव्या मिनिटाला टीव्हीचे स्क्रू ढिले करायला उठायचे. पंच बंद झाले तर आबा बंद होतील, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं.

आणि तिसऱ्या महिन्यात माझ्या खोलीची कडी बिघडली. आबांनीच बसवलेली, नंबर ठोकलेली. कोयंडा आणि कडी एकमेकांना भेटेनात. मी सांगायला निघाले तर जिजी दारात उभ्या. ओठावर बोट, हातात एक स्वच्छ धुतलेली वीट.

"आबाले सांगू नको," त्या कुजबुजल्या. "हाई ईट लायी ले दारले."

पुढची दोन वर्षं मी दाराला वीट लावून झोपले. मला वाटलं, जन्मात एखादं काम फसायचंच, ते नेमकं माझ्या वाट्याला आलं. जिजींची एक पितळी किटलीही फळीवर चकचकीत उभी असायची आणि चहा मात्र पातेल्यात व्हायचा. पण ती शोभेची वस्तू असेल म्हणून मी कधी विचारलं नाही.

स्कूटर मी खोली ते उपकेंद्र एवढ्या अंतरासाठी मागवली. गावात पहिल्या दिवशी मिरवणूक निघाल्यासारखी गर्दी. "शिस्टर, इले इंजन कोठे शे?" असं एकाने विचारलं आणि दुसऱ्याने माझ्या पायाकडे बोट दाखवलं. आठ दिवसांत लोकांना सवय झाली. मला मात्र चटक लागली. संध्याकाळी मोबाईलवर मी पोरापोरींचे व्हिडिओ बघायला लागले. त्यांच्या स्कूटरच्या चाकांना बाजूला खुंट्या असतात, त्या खुंट्या ते ओट्याच्या कडेवर टेकवतात आणि चाकं हवेत ठेवून कडेवरून सुळकन घसरत जातात. त्या खुंट्यांना इंग्रजीत पेग म्हणतात, आणि गावात मोठ्याने पेग मागणं नर्सबाईला शोभलं नसतं, म्हणून मी आबांनाही खुंट्याच म्हटलं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, माझं वजन सरकारी तक्त्यात बसत नव्हतं आणि मला आयुष्यात एकदा, निदान हातभर, असं घसरायचं होतं. का, ते विचारू नका. कुणाला केदारनाथला जायचं असतं.

आबांनी व्हिडिओ तीन वेळा पाहिला, आवाज बंद करून. मग स्कूटर उलटी करून चाक फिरवलं आणि कानाला लावलं.

"व्हई जाई," ते म्हणाले. "एक्सल लांब लागी. खुंटी, मंग वायसर, मंग चाक. चाक मोकळं फिरालेच पाहिजे. आनि पहिले एकच बाजूले. नवशिक्या मानूस दोन्ही बाजूले पडत नही, एकच बाजूले पडस."

हा शेवटचा सल्ला मी नर्स असून मला पटला.

बाजारात तयार खुंट्या मिळतात, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. आबा शहाद्याला जाऊन लेथवरून लोखंडी बार कातून घेऊन आले. डावीकडे दोन बसवायच्या, एक पुढच्या चाकाला, एक मागच्या. भरीव लोखंड. हातात घेतली तर मनगट खाली जायचं. दोन दिवस ते ओट्यावर बसून काम करत होते आणि लाल पाटी स्कूटरच्या दांड्याला लटकत होती, त्यामुळे मी दोन दिवस पायी गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेल्डिंगचा निळा उजेड दिसला. मला वाटलं, काहीतरी जोडत असतील.

तिथेच घोटाळा झाला. साखर कारखान्यात रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे बारीक थेंब सोडतात, म्हणजे पृष्ठभाग खरखरीत होतो आणि ऊस निसटत नाही. आबांनी हे काम चाळीस हंगाम केलं. जी वस्तू दुसऱ्या वस्तूला टेकणार, तिला पकड पाहिजे, असा त्यांचा धर्म. "पकड नही तं काम नही," ते म्हणायचे. भाकरी थापायच्या परातीलाही त्यांनी खालून थेंब सोडून ठेवले होते. खुंट्या टेकणार आहेत म्हटल्यावर त्यांनी प्रेमाने, मन लावून, दोन्ही खुंट्यांवर थेंब सोडले. घसरायच्या वस्तूला त्यांनी जन्मभराच्या अनुभवाने न घसरणारी करून टाकलं. आणि मी ती बघून म्हणाले, "वा आबा, काय नक्षी आहे!"

उद्घाटन कारखान्याच्या रिवाजाने झालं. आधी कोरडी ट्रायल: स्कूटर उलटी ठेवून अर्धा तास चाकं फिरवली, आळीपाळीने. मग लोड ट्रायल: फळीवर गव्हाचं पोतं ठेवून अंगणात तीन फेऱ्या. पोतं पडलं नाही. मग मोळी. हंगामाच्या पहिल्या दिवशी पहिली मोळी टाकल्याशिवाय कारखाना सुरू होत नाही, तर शिस्टर कशी सुरू होईल? पाच उसांची मोळी बांधून स्कूटरच्या पुढे ठेवली. नारळ फोडला. जिजींनी मला ओवाळलं, मग स्कूटरला ओवाळलं आणि कुंकू उरलं ते पोत्याला लावलं. माझ्या डोक्यावर आबांची पिवळी कारखान्याची टोपी होती. अर्धी गल्ली जमलेली.

घसरायची जागा म्हणजे आबांचा ओटा. वीतभर उंच, बारा फूट लांब, आणि सिमेंट फुटू नये म्हणून कडेला आबांनीच बसवलेला लोखंडी अँगल. ओट्याच्या पलीकडच्या टोकाला भावाच्या शेतातल्या पपईची खोकी रचलेली, अलीकडे ओट्याला लागून एक फळी तिरपी टाकलेली. फळीवरून वर चढायचं, फळी संपली की डावीकडच्या खुंट्या अँगलवर टेकणार, चाकं हवेत, आणि पुढे सुळकन.

मी पाय मारला. फळीवर चढले. खुंट्या अँगलवर टेकल्या.

आणि स्कूटर थांबली. हळू झाली नाही, अडखळली नाही, एकदम थांबली. खिळा ठोकल्यासारखी. मी मात्र आबांच्या ओट्यावरून, उसाच्या मोळीवरून आणि जिजींच्या आरतीच्या ताटावरून जाऊन पपईच्या खोक्यांत पडले. पिवळी टोपी माझ्याआधी पोचली होती.

डाव्या मनगटाला मुरगळ आणि मांडीला खरचटलं, एवढ्यावर भागलं. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला "जपून चाला, पडू नका" असं रोज बजावणाऱ्या बाईने स्वतःचीच पट्टी स्वतः बांधली आणि ते बघायला उपकेंद्राच्या खिडकीत सात जण होते.

मी आबांना सांगितलं, "माझीच चूक. तोल गेला." जिजींनी माझ्याकडे पाहिलं, तेच विटेच्या दिवशीचं पाहणं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. माझं मनगट दहा दिवसांत बरं होणार होतं. आबांचं काय होईल ते सांगता येत नव्हतं.

पण आबा फिटर होते. यंत्र बंद पडलं की ते का पडलं हे शोधल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. बॅटरी घेऊन ते अँगलजवळ उकिडवे बसले. टेप लावली. अँगलवरचे ओरखडे बोटाने चाचपले, खुंटीवर अंगठा फिरवला.

"आठे टेकनी," शेवटी ओरखड्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "आनि आठे थांबनी. चार बोटमा." मग माझ्याकडे बघून, "तू मातर थांबनी नही."

"आबा, मी जोरात..."

"शिस्टर, पेशंटले सांगस तसं माले सांगू नको. घसराले पाहिजे व्हतं. मी पकड दिधी. हाई चूक मन्ही शे."

त्यांनी कानस घेतली आणि दोन्ही खुंट्यांवरचा ३१७ घासून काढला. पंचांचा डबा बंद केला, सुतळीने बांधला आणि माळ्यावर टाकला. लाल पाटी डब्याला अडकवली.

त्यानंतरचे बारा दिवस त्या घरात कुणी नीट श्वास घेतला नाही. गावात देवळाच्या घंटेचा लोळा निसटून पुजाऱ्याच्या पायावर पडला, तो ठोकायला कुणी नाही. एकाच्या गोठ्याचं फाटक सुटलं आणि म्हैस उपकेंद्रात येऊन उभी राहिली; मी तिचंही बीपी घ्यायच्या बेतात होते. पण बाहेरचं काम सुटल्यावर आबा घरात शिरले, ते जास्त वाईट झालं. ते स्वयंपाकघरात पाट टाकून बसायचे आणि जिजी एका भाकरीला किती वेळ लावतात ते घड्याळात बघायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुचवलं की तवा उजवीकडे सरकवला तर हात कमी हलेल. तिसऱ्या दिवशी सुचवायचं थांबवलं आणि नुसते बसून राहिले. चौथ्या दिवशी जेवायच्या वेळी त्यांनी भोंग्याचं विचारलं नाही. जिजींनी आपणहून वाजवला, दोनदा. आबा उठले नाहीत.

त्या रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. "शिस्टर, त्यासले कायबी काम लाव. भांडाले बी तयार नहीत व. नहीतं मी माहेर जास."

त्यांचं माहेर दोन गल्ल्या पलीकडे होतं, पण मुद्दा तो नव्हता.

मी काय करणार? मला औषधं देता येतात, टोचता येतं. फिटरचा अभिमान दुरुस्त करायचं प्रशिक्षण आम्हाला दिलेलं नाही. बाराव्या दिवशी मनगटाची पट्टी सोडून मी आबांसमोर जाऊन बसले. समजूत घालायचं ठरवलं होतं, पण त्यांचा तो पडलेला चेहरा बघून मला रागच आला.

"आबा, तुमचं एक काम परत आलं. बरोबर?"

त्यांनी मान हलवली.

"माझ्याकडे रोज पेशंट परत येतात. त्याच खोकल्याचे, त्याच गुडघ्याचे. तुम्ही स्वतः बीपीसाठी तेरा वेळा परत आलात. मग मी काय करू? सुई डब्यात बंद करू?"

"ती गोट आल्लग शे."

"काही वेगळी नाही. परत येतो त्याची मला काळजी नसते, आबा. त्याचं बघता येतं. जो येतच नाही, त्याचं काय झालं ते मला कळत नाही. मला झोप येत नाही त्याने."

आबा खाली बघत होते. अंगठ्याने तर्जनी घासत होते, खुंटीचा खरखरीतपणा बघावा तशी.

"परत येस त्याले तुम्हीन काय म्हंतस?"

"फॉलोअप."

"कागदवर ऱ्हास का?"

"रजिस्टर असतं. गुरुवारी, नऊ ते बारा."

रजिस्टर म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. थोड्या वेळाने ते उठले आणि माळ्याला शिडी लावली. जिजी स्वयंपाकघरात होत्या. शिडीचा आवाज ऐकून त्यांनी तिथूनच भोंगा वाजवला. सकाळचे साडेदहा वाजले होते, पण आबा जेवले.

खरखरीत खुंट्या त्यांनी फेकल्या नाहीत. "पाय ठेवाले या चांगल्या," असं म्हणून उजवीकडे लावल्या, आणि खरंच, त्यांच्यावर उभं राहिलं की पाय निसटत नाही. नवशिक्याने आधी तेवढंच शिकावं. डावीकडे दोन नव्या कातून आणल्या. त्या त्यांनी आधी कानशीने, मग पॉलिश पेपरने, मग जिजींच्या जुन्या लुगड्याने घासल्या. घासताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पकड काढून टाकण्याचं काम त्या माणसाने जन्मात पहिल्यांदाच केलं. जिजींनी अँगलवर मेणबत्ती घासली, कपाटाचा खण अडकला की घासतात तशी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या ट्रायलला नारळ नव्हता, मोळी नव्हती, पपईची खोकी मुद्दाम जागेवर ठेवली होती. मी पाय मारला, फळीवर चढले, खुंट्या टेकल्या आणि अँगलवरून एक लांब, गोड आवाज निघाला. मी घसरले. खरंच घसरले. मग खोक्यांत पडले, पण त्या आधी घसरले. मी पपयांमध्ये बसून वेड्यासारखी हसत होते आणि आबा टेप घेऊन धावले.

"सव्वा हात!" ते ओरडले. "सव्वा हात, जिजी!"

मग त्यांनी पंचांचा डबा उघडला. पहिला घाव घालायच्या आधी मला विचारलं, "परत ई का हाई काम?"

"येईल," मी म्हटलं.

"येऊ दे." आणि चारही खुंट्यांवर ३१७ ठोकला.

त्याच संध्याकाळी त्यांनी ओट्यावर खडूने फळा लिहिला. अक्षर वळणदार, मजकूर माझ्या उपकेंद्रावरून उचललेला. "फॉलोअप. परत आलेलं काम. गुरुवारी, ९ ते १२." मला हसू आलं. एका कामासाठी एवढा फळा!

गुरुवारी सकाळी नऊला दार उघडलं तर बाहेर रांग. पहिल्या माणसाच्या हातात फवारणीचा पंप, दुसऱ्याच्या हातात बिजागरी. मागे एक म्हातारा गाडीचं अख्खंच्या अख्खं चाक घेऊन बसलेला. पुजाऱ्याच्या हातात घंटेचा लोळा. प्रत्येक वस्तूवर ३१७. कुणाचं काम सहा महिन्यांत सुटलेलं, कुणाचं वीस वर्षांपूर्वी. सगळ्या गावाने, आबांचे पंच बंद होऊ नयेत म्हणून, तोंडातून शब्द काढला नव्हता. गुपचूप शहाद्याला नेऊन दुरुस्त करून आणायचे, नाहीतर माझ्यासारखी वीट लावायचे.

आबा रजिस्टर उघडून बसले होते. रांगेकडे बघून त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मी नाडी धरायला पुढे झाले. तेवढ्यात जिजी आतून आल्या आणि त्यांनी ती पितळी किटली आबांच्या समोर ठेवली. बुडाशी डाग दिलेला होता आणि डागावर नंबर.

"लगीनना दुसरा वरीसमा जोडी व्हती तुम्हीन," जिजी म्हणाल्या. "तवयपासून गळी ऱ्हायनी."

आबांनी किटली उचलली. उजेडाकडे धरून आत पाहिलं. भोकातून आलेला सूर्याचा ठिपका त्यांच्या नाकावर पडला.

"मंग इतला वरीस बोलनी काब्र नही?"

जिजींनी पदराने डोळे पुसले.

आबांनी किटली त्यांच्या हातात परत दिली, रजिस्टर पुढे ओढलं आणि चष्मा नाकावर चढवला. आवाज कारखान्याच्या मिल हाउसमधला होता.

"रांगमा ऱ्हा. तुन्हा पुढे अकरा जन शेतस."

जिजी किटली छातीशी धरून रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. मी खोलीत गेले, दारामागची वीट बाजूला केली, कडी काढून हातात घेतली आणि जिजींच्या मागे नंबर लावला.